स्वतःच्या मर्जीने

पैसे पाठवायचं बटण दाबून राजनंदिनीने फोन ठेवायला पिशवीची चेन अर्धी उघडलीसुद्धा होती. दर महिन्याला कोचिंग क्लासचा पगार जमा झाला की ती हेच करायची. कॉलेजच्या पायऱ्यांवर उभ्याउभ्या आकडा टाकायचा, दादाच्या नावावर बोट ठेवायचं, पाठवायचं आणि पुढच्या लेक्चरला जायचं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. आज मात्र नेहमीची हिरवी खूण आली नाही. पांढऱ्या पडद्यावर आधी तिचं नाव आलं, आणि मग कोणी थांबून, शब्द निवडून लिहीत असावं तशी एक ओळ हळूहळू उमटत गेली. ‘राजनंदिनी, हे पैसे तुम्ही स्वतःच्या मर्जीने पाठवत आहात ना?’ खाली दोन चौकटी होत्या. एकीत ‘हो, माझ्या मर्जीने’. दुसरीत नुसतंच ‘नाही’. तिने आधी काय केलं, तर मान वळवून मागे पाहिलं. दोन मुलं पायरीवर बसून वडापाव खात होती आणि त्यांना तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तरी तिने फोन छातीशी धरला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. लहानपणी शाळेत एकदा बाईंनी सगळ्या वर्गासमोर, अगदी मायेनं, ‘घरी सगळं नीट आहे ना गं?’ असं विचारलं होतं, तेव्हा असंच झालं होतं. तेव्हा घरी सगळं नीटच होतं. पण त्या प्रश्नानंतर कितीतरी दिवस तिला ते तसं वाटेना.

तिने कुठलीच चौकट दाबली नाही. पडदा आपोआप काळा झाला आणि त्यात तिचं तोंड दिसलं. समोरच्या पुलावरून मेट्रो गेली, जवळजवळ रिकामी. खारघरच्या डोंगरावर ऊन सपाट पडलं होतं. हे ॲप तिने घेतलं त्याला आता वर्ष होत आलं होतं. बँकेची माणसं कॉलेजच्या गेटपाशी मांडव घालून बसली होती, खातं उघडणाऱ्याला पाण्याची बाटली फुकट होती, आणि ॲपमध्ये ‘सोबती’ होती, म्हणजे बोलणारी, ऐकणारी, खर्चाचा सल्ला देणारी एआय. तिच्या वर्गातल्या बहुतेकांनी पंधरा दिवसांत खाती उघडली. सोबतीचा आवाज राजनंदिनीला फार आवडला होता. बाईचा, मऊ, प्रत्येक ‘ण’ स्वच्छ उच्चारणारा. तिच्या घरात असं मराठी कोणी बोलत नव्हतं. ‘या आठवड्यात बाहेरचं खाणं थोडं वाढलंय,’ असं त्या आवाजाने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिला बरं वाटलं होतं. आपल्याकडे कोणाचं तरी लक्ष आहे, असं. कॉलेजातल्या सुचित्रा मॅडमची पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या या नव्या बँकिंगबद्दलच्या तयारीवरच होती, आणि त्यांनी सात-आठ मुलांना गोल बसवून, मध्ये रेकॉर्डर ठेवून चर्चा घेतली तेव्हा सगळ्यांत जास्त राजनंदिनीच बोलली होती. आपली माहिती मशीनला कळते याची भीती वाटत नाही का, असं मॅडमनी विचारल्यावर तिने सांगितलं होतं, ‘मला लपवण्यासारखं काहीच नाही, मॅडम.’ हे वाक्य म्हणताना तिला स्वतःचा आवाजही सोबतीसारखा वाटला होता.

त्या गोलात एकच मुलगा ॲप न घेतलेला होता. संघर्ष. त्याचं घर परभणीकडचं, वडील सानपाड्याला एका सोसायटीच्या ऑफिसात क्लार्क होते, आणि हा कॉम्प्युटर सायन्सला असूनही एटीएममधून नोटा काढून पाकिटात ठेवायचा. मुलं त्याला आजोबा म्हणायची. राजनंदिनी त्याला शोधत लायब्ररीत गेली. दादाचं नाव न घेता, एका मैत्रिणीला असं असं आलं म्हणून तिने सांगितलं. संघर्षने मैत्रीण कोण ते विचारलं नाही. सगळ्यांना येतो का असा प्रश्न, असं तिने विचारल्यावर त्याने मान हलवली. फसवाफसवी फार वाढली आहे, कोणाला फोनवरून धमकावून पैसे पाठवायला लावतात, म्हणून बँका असं काही बसवतात, असं तो म्हणाला. पण ज्याला त्याला विचारत नाहीत. काहीतरी दिसल्याशिवाय नाही.

“काय दिसलं असेल?”

“तुझी मैत्रीण आकडा टाकून पुसते का? परत टाकते का? पाठवायच्या आधी नुसती बघत बसते का?” संघर्ष हळू बोलत होता, समोर लायब्रेरियन होते. “माणूस मनापासून पैसे देतो तेव्हा बोट वेगळं चालतं. मशीन तेवढंच बघतं. त्याला तुझ्या मैत्रिणीचं मन नाही कळत. बोट कळतं.”

घरी, कामोठ्याला, जाणाऱ्या शेअर रिक्षात ती कडेला बसली होती, आणि मांडीवरच्या आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. बोट साधंच होतं. नखाला थोडी शाई लागलेली. हे बोट दर महिन्याला आकडा टाकून पुसत होतं का? तिला आठवेना, आणि मग एकदम आठवलं, आणि आठवलं तेही खरं की आता मनानं तयार केलं, ते कळेना. बहुतेक होळीच्या सुमारास. दादा जेवायला बसला होता आणि ती पाणी द्यायला गेली, तर त्याने फोन पालथा घातला. एवढंच. घाईनंही नाही, सहज. पण त्या महिन्यात तिने आकडा दोनदा टाकला होता, हे आता तिला स्पष्ट दिसत होतं. म्हणजे तिला दादाचा संशय आला होता आणि तो तिच्याआधी बँकेला समजला होता. की असं काही नव्हतंच, आणि आता विचारल्यामुळे ते झालं? रिक्षा महामार्गाच्या पुलाखालून गेली तेव्हा अंधारात फोन आपोआप उजळला. ‘तुमचा व्यवहार अपूर्ण आहे.’ तिने तो पालथा घातला. आणि घातल्यावर लक्षात आलं, दादाने घातला तसाच.

दादा, म्हणजे उदयसिंह, वाशीच्या मार्केटात मसाल्याच्या बाजूला माथाडी होता. तो घरी येण्याआधी त्याचा वास जिन्यात यायचा, मिरचीचा. शेजारणी दार लावून घ्यायच्या, मुलं शिंकायची. दारातच आई तेलाची वाटी पुढे करायची; तो कोपरापर्यंत तेल चोळायचा, मग साबण लावायचा, आणि तोवर कोणाला शिवायचं नाही. आधी हे सगळं वडील, म्हणजे कोंडिबा, करायचे. घरात त्यांना अण्णा म्हणत. कोंडिबांची पाठ एका पावसाळ्यात पोत्याखाली गेली, ती परत सरळ झाली नाही, आणि त्यांचा माथाडीचा बिल्ला, म्हणजे कामावरचा हक्क, मुलाच्या नावावर झाला. तेव्हा उदयसिंह पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला होता. दिवाळीच्या आतच त्याने कॉलेज सोडलं. त्याची ड्रॉइंगची लांब टी-पट्टी घरात राहिली, आणि आई त्या पट्टीने वरच्या दोरीवरचे कपडे काढू लागली. राजनंदिनी तेव्हा सातवीत. भावाने कॉलेज सोडलं याचं तिला वाईट वाटल्याचं आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच की त्या आठवड्यात घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही, आणि मग एक दिवस जिन्यात पुन्हा मिरचीचा वास आला. तो वास ओळखीचा होता, त्यामुळे सगळं परत जागेवर आल्यासारखं वाटलं होतं. आज दादा जेवत असताना ती स्वयंपाकघराच्या दारातून त्याच्याकडे बघत राहिली. तो भाकरी मोडत होता. फोन त्याच्या मांडीखाली होता. तो मांडीखाली कधीपासून ठेवतो, हे तिने आठवायचा प्रयत्न केला आणि तिला स्वतःचीच किळस आली. “पैसे आले न्हाईत गं या टायमाला,” तो सहज म्हणाला. “सर्व्हर डाऊन आहे,” ती म्हणाली. खोटं इतक्या चटकन आलं की जणू ते तिथं कधीचं तयार होतं.

दुसऱ्या दिवशी ती सुचित्रा मॅडमच्या केबिनमध्ये गेली. चर्चेत आपण जे बोललो ते काढून टाकता येईल का, असं तिने विचारलं. मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी बसायला सांगितलं, काय झालं ते विचारलं, आणि ती सांगत नाही म्हटल्यावर खोदलं नाही. पण सगळ्यांची नावं त्यांनी आधीच काढून टाकली होती. मुलांची बोलणी एकत्र झाली होती, त्यांचे तक्तेही झाले होते. यातलं तुझं कोणतं ते आता मलाच सांगता यायचं नाही, असं त्या म्हणाल्या. आणि तिला दिलासा द्यावा म्हणून म्हणाल्या की सत्तर-ऐंशी टक्के मुलं तिच्यासारखंच बोलली आहेत, काळजी करण्यासारखं त्यात काही नाही. राजनंदिनी बाहेर आली. कॉरिडॉरमध्ये मुलं फोनवर बोटं चालवत भिंतीला टेकली होती. यांतल्या कोणाकोणाची बोटं अडत असतील, असं तिच्या मनात आलं. बापाला पैसे पाठवताना, मित्राला पाठवताना. आणि हे प्रत्येकाचं अडणं कुठंतरी जमा होत असेल, त्यांचं त्यांना कळायच्या आधी. काल या मुलांकडे बघताना असलं काही मनात आलं नसतं. काल ती मुलं नुसती मुलं होती.

त्या दुपारी तिने पुन्हा पैसे पाठवायला घेतले. कॉलेजच्या बाथरूममध्ये, कडी लावून. या खेपेला बोट अडू द्यायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि ठरवल्यामुळे ते नको इतकं भरभर चाललं. प्रश्न पुन्हा आला. तेच शब्द, तीच गती. आता तिला राग आला, पण कोणाचा ते समजेना. हो म्हणावं तर, गेल्या दोन वर्षांत कोणी आपल्याला हे विचारलं नाही आणि आपणही कधी मर्जी म्हणून काही ठरवलं नाही, मग ती मर्जी कसली. पहिला पगार झाला तेव्हा आई म्हणाली होती, दादाकडं दे, त्यो बघतो घरचं. बस. त्यात जोर नव्हता, दबाव नव्हता. पंखा लावायला सांगावं तसं ते सांगणं होतं. तिनेही तसंच ऐकलं होतं. आणि नाही म्हणावं तर? नाही म्हटल्यावर हे यंत्र काय करतं, हे तिला बघायचं होतं. एवढ्या काळजीनं विचारतेस तर पुढं काय करतेस, बघू. पुढे अनेकदा तिने स्वतःला विचारलं, की तेव्हा मनात नक्की हेच होतं का, आणि दर वेळी तिला उत्तर थोडं वेगळं मिळालं. बोट मात्र तेव्हा अजिबात अडलं नाही. तिने ‘नाही’ दाबलं.

पडद्याचा रंग निळसर झाला. सोबती बोलू लागली. बाथरूममध्ये तो मऊ आवाज भिंतींवर आपटून मोठा झाला आणि राजनंदिनीने घाईघाईने नळ सोडला. ‘तुम्ही सांगितलंत, हे बरं केलंत. तुम्ही एकट्या नाही.’ मग एक मदतीचा नंबर आला. मग, पैसे गेले नाहीत आणि तुमच्या सुरक्षेसाठी आवश्यक ती पावलं उचलली जात आहेत, अशी ओळ आली. आणि त्याच्या खाली, त्याच निळसर रंगात, ‘फक्त तुमचं’ नावाचं एक नवं बचत खातं, मुलींसाठी, आत्ताच उघडल्यास जास्त व्याज. ती हसली. हसल्यावर बरं वाटलं. पकडलं तुला, असं तिला वाटलं; शेवटी विकायलाच आली होतीस. नळ बंद करून ती लेक्चरला गेली. ‘आवश्यक ती पावलं’ या शब्दांकडे तिने लक्षच दिलं नाही.

पावलं दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. उदयसिंहचा पगार ज्या खात्यात व्हायचा, ते खातं त्याच बँकेत होतं. वडिलांच्या वेळेपासूनच. तो सोबती वगैरे वापरत नव्हता. त्याच्याकडे पैसे देण्याघेण्याचं साधं ॲप होतं. टोळीतल्या सगळ्यांच्या चहानाष्ट्याचे पैसे त्या दिवशी तो देत होता, आणि ते गेले नाहीत. पुन्हा प्रयत्न केला, गेले नाहीत. मग मेसेज आला. खात्याविरुद्ध दबावाची तक्रार असल्यामुळे व्यवहार थांबवले आहेत, जवळच्या शाखेत यावं. मुकादम शेजारीच उभा होता. त्याने वाचून दाखव म्हटलं, आणि याने वाचून दाखवलं, कारण न वाचणं जास्त वाईट दिसलं असतं. हे सगळं त्याने घरी आल्यावर सांगितलं, तेलाची वाटी हातात धरून, दारात उभं राहून. भर दुपारी तो घरी आला होता. तो चिडला नव्हता. चिडला असता तर राजनंदिनीला काहीतरी बोलता आलं असतं. “कुणी केली असंल तक्रार?” असं त्याने विचारलं, आणि विचारताना तो आईकडे बघत होता, वडिलांकडे बघत होता, तिच्याकडे नाही. तेव्हा तिला कळलं की त्याला माहीत आहे.

“मी केली,” ती म्हणाली.

मुक्ताबाई, तिची आई, भांडी पुसत होत्या, त्या पुसतच राहिल्या. कोंडिबांनी खाटेवर कूस बदलली. ते त्यांना जमत नसे, आणि त्याला बराच वेळ लागला. राजनंदिनीने सांगायचा प्रयत्न केला. फोनने विचारलं, मी नुसतं बघायला म्हणून दाबलं, मला वाटलं नव्हतं असं होईल. सांगताना प्रत्येक वाक्य खरं होतं आणि सगळी मिळून खोटी वाटत होती. आईने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, की फोनने विचारलं ते ठीक, पण तुला वाटत होतं तर तू मला का नाही बोललीस. तू मला विचारलं नव्हतंस, हे एकच उत्तर होतं आणि ते आईला देता येण्यासारखं नव्हतं. उदयसिंहने हात धुतले. “उद्या जाऊ ब्रँचला,” तो म्हणाला. “दोघांना जावं लागंल. सुट्टी टाकतो मी.” आणि हात पुसत, “तुझं लेक्चर हाय का उद्या?”

खारघरच्या शाखेत एसी फार थंड होता. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या होत्या, त्यामुळे एक हलला की दुसऱ्याला कळायचं. उदयसिंहने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि कितीही धुतलं तरी त्याच्या बोटांतून मिरचीचा बारीक वास येतच होता. पलीकडची बाई नाकाला रुमाल लावून बसली. समोरच्या मोठ्या पडद्यावर एक सुंदर मुलगी फोनकडे बघून हसत होती आणि खाली लिहिलं होतं, आम्ही तुम्हाला ओळखतो. राजनंदिनीचं लक्ष तिथून निघेना. ती दादाकडे बघायचं टाळत होती, आणि टाळताना तिला जाणवत होतं की गेले काही दिवस ती त्याच्याकडे फक्त चोरूनच बघत आली आहे. बोलायला सुरुवात त्यानेच केली, पडद्याकडे बघत.

“मला वाटायचं तू एक दिवस विचारशील, पैशाचं काय करतोस म्हणून. तू कधी विचारलंच न्हाईस.”

“तू पण नाही विचारलंस कधी. द्यायचेत का म्हणून.”

तो म्हणाला, “घरातच जातात. अण्णांची औषधं, मालिश करणारा, भाडं. पण सगळे न्हाई. होळीच्या टायमाला थोडे गेममधी गेले माझे. क्रिकेटच्या. परत भरले मी, पण गेले होते. खोटं न्हाई बोलणार.” त्याने हात मांडीवर पालथे ठेवले होते. “आत विचारतील तुला. तुला काय सांगायचंय ते सांग. मी बाहेर थांबतो.”

“दादा, तू कॉलेज सोडलंस तेव्हा...” तिने सुरुवात केली.

“मला कुणी विचारलं?” तो म्हणाला. तक्रार करावी तसं नाही. एखाद्या गावाचं नाव सांगावं तसं. “कुणी विचारलं असतं तर मी काय बोललो असतो, ते पण मला म्हाईत न्हाई. बिल्ला आला, मी गेलो.” त्याने तिच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी दोघांनी एकमेकांकडे सरळ पाहिलं, आणि तिला त्याच्या डाव्या डोळ्याखाली एक नवी सुरकुती दिसली. ती त्याच्या वयाला शोभत नव्हती. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. तो खरोखरच उठून काचेच्या दाराबाहेर गेला.

ऑफिसर तिच्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिच्या समोरच्या पडद्यावर काय होतं ते राजनंदिनीला दिसत नव्हतं. ऑफिसर वाचत होती आणि अधूनमधून तिच्या चेहऱ्याकडे बघत होती, ताडून बघत असल्यासारखी. तिने नीट, सभ्यपणे सगळं समजावलं. तक्रार मागे घेतली तर खातं लगेच मोकळं होईल. मागे घेतली नाही तर प्रकरण वर जाईल, चौकशी होईल. पण मागे घ्यायची असेल तर ती कोणाच्या सांगण्यावरून घेत नाही, हे मात्र स्पष्ट सांगावं लागेल. “बाहेर तुमचे भाऊ आहेत ना?” तिने काचेकडे बघत विचारलं. “त्यांनी आणलंय का तुम्हाला?” राजनंदिनीच्या मनात आलं, ही पण तेच विचारते आहे, फक्त हिचा आवाज जरा बसला आहे. काचेपलीकडे दादा पाठमोरा उभा होता. तो मुद्दाम पाठमोरा उभा होता हे तिला समजलं. त्याला तिचं तोंड दिसू नये म्हणून नाही. तिला त्याचं दिसू नये म्हणून.

“दबाव नव्हता,” ती म्हणाली. “मर्जी होती असंही नाही सांगता येणार मला. आमच्या घरात हे असं कोणी बोलतच नाही. पुढच्या महिन्यापासून मी किती द्यायचे ते मी ठरवणार आहे, आणि ते मी त्याला सांगणार आहे, तुम्हाला नाही.”

ऑफिसरने टायपिंग थांबवलं होतं. ती अगदी सावकाश, जवळजवळ ओशाळून म्हणाली की असं लिहायला तिच्याकडे जागा नाही. दोनच प्रकार आहेत. चूक झाली, किंवा तक्रार खरी. “मग चूक लिहा,” राजनंदिनी म्हणाली. “कोणाची?” असं ऑफिसरने विचारलं नाही, पण राजनंदिनीला ते ऐकू आलं. ऑफिसरने दाखवलेल्या ठिकाणी तिने अंगठा ठेवला. यंत्र हिरवं झालं. बाहेर येईपर्यंत तिच्या फोनवर तीन मेसेज आले होते. ती ते न वाचता काचेचं दार ढकलून बाहेर आली.

बाहेर ऊन एकदम अंगावर आलं. उदयसिंह झाडाखाली रसवाल्याच्या गाडीपाशी उभा होता आणि त्याने दोन ग्लास सांगितले होते. खातं चालू झालंय का ते बघायला रसाचे पैसे फोनवरून द्यायचे, असं त्याने म्हटलं, आणि पैसे गेले तेव्हा दोघांनीही एकदमच श्वास सोडला. आत काय बोललीस हे त्याने विचारलं नाही. तिनेच सांगितलं, पुढच्या महिन्यापासूनचं. तो मान हलवत ऐकत राहिला. “बरंय,” म्हणाला. “मला पण हिशेब द्यावा लागंल मग. बरंय ते.” रस संपवून त्याने ग्लास गाडीवर ठेवला, तोंड पुसलं, आणि रस्त्याकडे बघत, विशेष काही नसल्यासारखं म्हणाला,

“ते तुझं बोलणारं ॲप टाक की माझ्या फोनमधी.”

तिला वाटलं तो थट्टा करतो आहे. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. वर्षभर ती त्याच्या मागे लागली होती, घे म्हणून, आणि तो म्हणायचा, बँकेला कशाला सांगायचं मी चहा कुठं पितो. आता तिने उलट सांगायला सुरुवात केली. ते तुझी काळजी करत नाही, दादा. ते बघतं. तू कुठं जातोस, कुणाला फोन करतोस, बोट कसं चालवतोस, सगळं ठेवून घेतं. आणि मग आपलाच आपल्यावर संशय येतो. बोलता बोलता तिला कळत होतं की आपण संघर्षचे शब्द वापरतो आहोत, आणि दादाला ते ऐकू येत नाहीत.

“बघू दे की,” तो म्हणाला. “मी कुठं जातो? मार्केट आणि घर. विचारतं ना ते? तेवढंच बघायचंय मला.”

तिने त्याचा फोन घेतला. त्याच्या फोनची काच एका कोपऱ्यात तडकली होती आणि तिला तिथला मिरचीचा तिखट कण डोळ्यात जाईल असं वाटत राहिलं. ॲप उतरलं. पांढरा पडदा आला, मग एकामागून एक परवानग्या : संपर्क, ठिकाण, आवाज, कॅमेरा. प्रत्येक वेळी ती वाचून दाखवत होती आणि तो ‘दे’ म्हणत होता. शेवटी एक राहिली. वरचं सगळं मी वाचलं आहे, समजून घेतलं आहे आणि त्याला माझी संमती आहे. तिथं तिचं बोट गेलं आणि तिने ते मागे घेतलं. फोन त्याच्या हातात दिला. “हे तू दाब,” ती म्हणाली.

त्याने फोन उन्हापासून आडोसा करून धरला आणि जाड अंगठा काचेवर आणला. अंगठा काचेच्या वर, अगदी थोड्या अंतरावर, थांबला. आणि राजनंदिनीच्या लक्षात आलं की ती श्वास रोखून त्या अंगठ्याकडे बघते आहे. तो का थांबला, किती थांबला, थांबताना त्याचे ओठ कसे झाले, हे सगळं ती टिपून घेते आहे. तिने तोंड फिरवलं. समोरून एक बस वळत होती, रसवाल्याच्या चाकाची घुंगरं वाजत होती. ती पाठ करून रस्त्याकडे बघत उभी राहिली, आणि मागे काय झालं ते तिने वळून पाहिलं नाही.